रेघ पाहावी की माणूस

जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत १९९० सालापर्यंत एक फेरी अशी असे, की जिच्यात संगीत नसे, नृत्य नसे आणि प्रेक्षकांची गर्दीही नसे. खेळाडू कोऱ्या बर्फाचा एक तुकडा निवडायचा, एका पायावर तोल सांभाळत आपल्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाचे वर्तुळ काढायचा, त्याला लागून दुसरे काढायचा आणि मग त्याच रेघांवरून पुन्हा पुन्हा गिरवायचा. त्याचे झाले की परीक्षक बर्फावर उतरत. खेळाडूकडे त्यांचे आता फारसे लक्ष नसे. कमरेत वाकून, काही जण तर थेट गुडघे टेकून, पात्याने बर्फात कोरलेली रेघ ते तपासत. वर्तुळ खरोखर गोल आहे का, दोन्ही वर्तुळे सारख्या मापाची आहेत का, दुसऱ्या वेळची रेघ पहिलीवर किती काटेकोर बसली आहे, वळण घेताना पाते घसरून तिथे बर्फ खरवडला गेला आहे का, हे सगळे पाहून मगच ते गुण देत.

मी नागपुरात चित्रकला शिकवते आणि शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांचे कागद तपासण्याचे कामही मी केले आहे. कागद हातात येतो तेव्हा त्याच्यामागे गडचिरोलीचा मुलगा आहे की धरमपेठेतली मुलगी, हे परीक्षकाला कळत नाही आणि कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. कर्तव्यभूमितीत दोन वर्तुळे एकमेकांना स्पर्श करतात तो बिंदू नेमका साधला आहे का, पेन्सिलीची धार शेवटपर्यंत एकसारखी राहिली आहे का, कंपासचे टोक रुतून मध्यबिंदूला भोक पडले आहे का, एवढेच काय ते आपल्यासमोर असते. त्यामुळे बर्फावर वाकलेल्या त्या परीक्षकांविषयी प्रथम वाचले तेव्हा मला ते थेट आपल्या पेशातले वाटले. या वार्षिक स्पर्धेचा इतिहास पुढे जसजसा वाचत गेले तसतसे माझे असे मत होत गेले, की तिचे बदलत गेलेले नियम, तिच्यातील भांडणे आणि तिची गुणपद्धती या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. परीक्षकाने रेघ पाहावी, की ती काढणारा माणूस?

ही स्पर्धा मार्चमध्ये होते. नागपुरात मार्च म्हणजे कूलर काढण्याचा महिना: जुन्या ताट्या फेकून नव्या बसवायच्या, पंप चालतो की नाही ते पाहायचे, टाकी गळत असेल तर एम-सील लावून ती वाळू द्यायची. दहावीचे पेपर चालू असतात, दुपारी रस्ते ओस पडू लागतात आणि पारा चाळिशीकडे सरकत असतो. त्याच दिवसांत जगाच्या कुठल्या तरी शहरात, उणे चार अंशांच्या आसपास राखलेल्या बर्फावर, या खेळातली सर्वोत्तम माणसे एकत्र येतात. हा बर्फ मुद्दाम हॉकीच्या बर्फापेक्षा किंचित मऊ ठेवतात, कारण उडी घेताना पात्याचे दातेरी टोक त्यात रुतावे लागते आणि खाली येताना पात्याची कड त्यात धरली जावी लागते. ज्या शहरात बर्फ फक्त रसवंतीत, उसाच्या रसात दिसतो, तिथे राहून या स्पर्धेची वाट पाहणारी मी एकटीच नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या ओळखीत असे काही जण आहेत, की जे या आठवड्यात झोपेची वेळ खुशाल बदलून घेतात.

त्या पात्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण सगळा खेळ त्याच्या घडणीवर उभा आहे. फिगर स्केटचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते आणि त्याचा तळ सपाट नसून पन्हाळीसारखा मधोमध खोलगट घासलेला असतो. त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. शरीर आतल्या बाजूला कलले की आतली कड बर्फ धरते आणि माणूस त्या बाजूला वक्राकार वळतो. बाहेर कलले की बाहेरची कड धरते आणि वळणही उलट होते. अगदी सरळ उभे राहिले तर दोन्ही कडा टेकतात आणि बर्फावर दोन समांतर रेघा उमटतात. जुन्या फेरीत ही दुहेरी रेघ म्हणजे दोष मानला जाई. शुद्ध रेघ एकेरीच, म्हणजे सतत कुठल्या ना कुठल्या बाजूला झुकलेली, आणि तो झुकाव तसूभरही न बदलता पूर्ण वर्तुळभर टिकवलेला. सरावासाठी खेळाडू बर्फावर चालवायचा एक मोठा कंपास वापरत आणि त्याने आधी वर्तुळ आखून त्यावर पाते चालवत. त्या कंपासचे छायाचित्र मी वर्गात दाखवले, तेव्हा मुले बराच वेळ त्याच्या लांब दांड्याविषयीच बोलत राहिली.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ साली नेदरलँड्समधील शेव्हेनिंगन येथे स्थापन झाली आणि पहिली जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे भरली. स्पर्धक चार, चौघेही पुरुष. जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स जिंकला. स्त्रियांना मज्जाव करणारा नियम तेव्हा कुणी लिहिलेलाच नव्हता, कारण तशी वेळ येईल असे कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. ती वेळ १९०२ साली लंडनमध्ये आली. मॅज सायर्स या इंग्रज स्केटरने पुरुषांच्या बरोबरीने आपले नाव नोंदवले, आणि स्वीडनच्या उल्रिक साल्कोव यांच्याखालोखाल दुसरा क्रमांक पटकावला. हे साल्कोव म्हणजे पुढे दहा जागतिक विजेतेपदे मिळवलेले आणि आजही ज्यांच्या नावाची उडी रोज हजारो मुले मारतात ते. त्यांच्या मागे, आणि इतर पुरुषांच्या पुढे, एक स्त्री उभी होती.

यानंतर संघटनेने स्त्रियांना या स्पर्धेची दारे बंद केली. त्यासाठी जी कारणे दिली गेली त्यांतले एक असे होते, की लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. दुसरे असे, की एखादा परीक्षक एखाद्या मुलीत गुंतलेला असेल तर तो तिला नि:पक्षपातीपणे गुण देऊ शकणार नाही. ही दोन्ही कारणे मी अनेकदा वाचली आहेत आणि प्रत्येक वेळी माझा संताप होतो. झगा पायांवर होता, रेघेवर नव्हता; रेघ तर बर्फावर उघडी पडलेली होती आणि ती तपासण्यासाठी परीक्षक खाली वाकतच होते. सायर्सने पोटरीपर्यंतचा आखूड घागरा घालून पहिल्या आक्षेपाचे उत्तर देऊन टाकले. दुसऱ्या आक्षेपात दुबळेपणा परीक्षकाचा होता आणि शिक्षा मात्र स्पर्धकाला झाली. १९०६ साली दावोस येथे स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि ती सायर्सनेच जिंकली, पुढच्या वर्षीही तीच. पुढे १९०८ मध्ये जोड्यांचा आणि १९५२ मध्ये आइस डान्सचा प्रकार आला, आणि आज आपण पाहतो ते चार प्रकारांचे स्वरूप पुरे झाले.

माणसाकडे पाहिल्यामुळे रेघेवर अन्याय कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण १९२७ सालच्या ऑस्लोमधील स्पर्धेत सापडते. पाच परीक्षकांपैकी तीन नॉर्वेचे होते. त्या तिघांनी नॉर्वेच्या सोन्या हेनीला पहिली ठरवले; उरलेल्या दोघांनी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या परीक्षकाने, ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोला पहिली ठरवले. हेनी जिंकली. या प्रकारानंतर एका देशाचा एकच परीक्षक असा दंडक आला. हेनीविषयी माझ्या मनात मुळीच किंतु नाही, कारण त्या वर्षापासून १९३६ पर्यंत सलग दहा वेळा जिंकणारी मुलगी नुसत्या मेहेरबानीवर टिकत नसते. परंतु ते पहिले विजेतेपद तिला अशा रीतीने मिळावे, ही गोष्ट तिच्याही बाबतीत अन्यायाचीच होती, असे मला वाटते.

मग सगळा भार रेघेवरच का टाकू नये? तोही प्रयोग या स्पर्धेने केला, आणि तो दीर्घकाळ चालला. एकेकाळी एकूण गुणांतला साठ टक्के वाटा वर्तुळांच्या या आकृत्यांचा होता, उरलेला संगीतावरच्या मुक्त सादरीकरणाचा. याचे टोक ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाच्या काळात गाठले गेले. तिच्यासारखी वर्तुळे काढणारी स्त्री त्या काळात दुसरी नव्हती, आणि १९७१ व १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जागतिक विजेती ठरली. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये मुक्त सादरीकरणात ती सातवी आली, तरी आकृत्यांतल्या आघाडीच्या बळावर सुवर्णपदक तिचेच झाले. मुक्त सादरीकरणात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी राहिली. दूरचित्रवाणी आता घरोघरी पोहोचली होती. प्रेक्षकांना पडद्यावर दिसत होती ती लिन, आणि पदक गेले ते जिची वर्तुळे त्यांनी पाहिलीच नव्हती तिच्याकडे. लोक चिडले. पुढच्याच वर्षी लघु सादरीकरणाची फेरी सुरू झाली आणि आकृत्यांचा वाटा कमी होऊ लागला.

शुबाची बाजू घेणारे फार थोडे भेटतात. मला मात्र ती घ्यावीशी वाटते. जो कागद जसा मागितला होता तसा तिने तो सोडवला, इतरांपेक्षा चांगला सोडवला, आणि मग लोक म्हणाले की प्रश्नपत्रिकाच कंटाळवाणी होती. प्रश्नपत्रिका बदलायला हरकत नाही, पण ती बदलताना जिने उत्तरे बरोबर दिली तिला कमी लेखण्याचे काही कारण नव्हते. एका पायावर, थंडीत, हजारो वेळा तेच वर्तुळ काढत राहणे आणि त्यातून एकसंध, एकेरी, न थरथरणारी रेघ हाती येणे ही कला आहे, आणि ती कुठल्याही तिहेरी, म्हणजे हवेत तीन फेरे घेणाऱ्या, उडीइतकीच दुर्मिळ आहे.

असे असले तरी, तो भार पुढे उचलता येण्याजोगा राहिला नव्हता हेही खरे. १९८९ साली पॅरिसमध्ये जपानची मिदोरी इतो जागतिक विजेती ठरली. एकेरीत हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली आशियाई, आणि तिहेरी अॅक्सेल उडी या स्पर्धेत पूर्ण करणारी पहिली स्त्री. या उडीत झेप समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचे पाठमोरे, त्यामुळे तीन म्हणताना प्रत्यक्षात साडेतीन फेरे हवेत पूर्ण करावे लागतात. पुढच्या वर्षी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ती लघु सादरीकरणात पहिली आली, मुक्त सादरीकरणातही पहिली आली, आणि आकृत्यांत दहावी. सुवर्णपदक अमेरिकेच्या जिल ट्रेनेरीला गेले. ही आकृत्या असलेली शेवटची जागतिक स्पर्धा. युगोस्लाव्हियाच्या झेल्का चिझमेशियाने तिथे शेवटची आकृती काढली आणि त्यानंतर हा भाग या स्पर्धेतून कायमचा गेला. इतोची ती सादरीकरणे मी आंतरजालावर पुष्कळदा पाहिली आहेत. उडी घेताना तिचे शरीर ज्या उंचीवर जाते ते पाहिल्यावर, अशी मुलगी दुसरी का, याचे उत्तर कुणालाही बर्फावरच्या रेघेत सापडणार नाही, हे मी रेघेची पक्षपाती असूनही मान्य करते.

आमच्याकडे बर्फ नाही, पण वर्तुळे आहेत. नागपुरात मुलांना रोलर स्केटिंगची भारी हौस. संध्याकाळी ऊन उतरले की सिमेंटच्या रिंकवर त्यांच्या चाकांचा खडखडाट सुरू होतो. बहुतेक मुले वेगाच्या शर्यतीसाठी येतात, परंतु त्यांच्यात दोन-चार जणी कलात्मक स्केटिंग करणाऱ्याही असतात, आणि त्यांच्यासाठी जमिनीवर रंगाने मोठी वर्तुळे आखलेली असतात. चाकाला रेघ उमटवता येत नाही. म्हणून इथे रेघ आधीच काढून ठेवलेली असते आणि मुलीने तिच्यावरून चाके ढळू न देता जायचे असते. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी अशी जाताना मी कठड्याला टेकून पाहिली आहे. नजर पायाकडे नाही, समोर वळणाच्या पुढच्या टोकावर. खांदे वर्तुळाच्या आत वळलेले. मोकळा पाय मागे, गुडघ्यात किंचित वाकलेला. आणि टेकलेल्या पायाचा घोटा सतत बारीक बारीक दुरुस्त्या करणारा. वर्गात तिला मुक्तहस्त वर्तुळ काढायला सांगितले की ती मनगट स्थिर ठेवून कोपरातून हात फिरवते. हे तिला मी शिकवलेले नाही.

हीच मुलगी माझ्या फोनवर जपानच्या युझुरू हान्यूचे २०१४ च्या साइतामा येथील जागतिक स्पर्धेतले लघु सादरीकरण पाहत होती. त्यात तो चौपट उडीवर पडतो. तिने विचारले, ‘‘मॅडम, पडला ना तो, मंग पहिला कसा आला?’’ प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी तो तिसरा होता. मग मुक्त सादरीकरणात त्याने भरपाई केली आणि आपल्याच देशाच्या तात्सुकी माचिदाला ०.३३ गुणांनी मागे टाकून तो विजेता ठरला. मी तिला सांगितले की पूर्वी परीक्षक संपूर्ण सादरीकरणाला सहापैकी गुण देत, आणि त्या गुणांचे खरे काम खेळाडूंचे क्रम लावणे हे असे. आता प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी, पावलांची प्रत्येक मालिका स्वतंत्रपणे मोजली जाते. एक प्रश्न चुकला तर त्या प्रश्नाचे गुण जातात, पडल्याबद्दल वेगळे वजा होतात, पण उरलेला पेपर तसाच राहतो.

जुन्या सहाच्या पद्धतीचा शेवट २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील जोड्यांच्या स्पर्धेतून ओढवला. फ्रान्सच्या परीक्षक महिलेवर दबाव असल्याचे प्रकरण बाहेर आले, रशियाच्या जोडीबरोबरच कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले, आणि २००४ पासून नवी पद्धती आली. त्या सुधारणांबरोबर एक विचित्र गोष्टही आली, ती म्हणजे कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे गुप्त ठेवले जाऊ लागले. आमच्या परीक्षेत झाकलेले असते ते विद्यार्थ्याचे नाव. इथे झाकले गेले परीक्षकाचे. हे उलटे होते, आणि २०१६ मध्ये संघटनेने ते रद्द केले हे उत्तम झाले. ज्याने गुण दिले त्याने आपल्या सहीखाली उभे राहायला हवे.

नव्या पद्धतीतल्या मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टीविषयी फारसे कुणी बोलत नाही. परीक्षकांखेरीज तिथे एक तांत्रिक मंडळ बसते आणि ते उडीची चित्रफीत मंद गतीने पुन्हा पाहते. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या साध्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत पाठमोरे येऊन दुसऱ्या पायाचे टोक बर्फात रोवून झेप घ्यायची असते. फरक एवढाच, की लुट्झला टेकलेल्या पायाची बाहेरची कड लागते आणि फ्लिपला आतली. लुट्झ घेताना शेवटच्या क्षणी पाय आत कलला, तर मंडळ ते टिपते आणि गुण कमी होतात. उतरताना फेरा पाव भागाने अपुरा राहिला तर तेही टिपले जाते. म्हणजे वाकून बर्फ पाहणारा परीक्षक गेला असे जे म्हणतात ते पुरते खरे नाही. कड पाहणारा डोळा आजही तिथे आहे, आणि तो पूर्वीपेक्षा अधिक जागा आहे. त्याच वेळी नऊ परीक्षक रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य यांना वेगळे गुण देतात, त्यांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळून सरासरी काढतात. रेघ एका मंडळाकडे आणि माणूस दुसऱ्याकडे सोपवण्याची ही वाटणी परिपूर्ण नाही, पण आजवरच्या वाटण्यांत ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

तिच्या मर्यादा दिसतात त्या २०२४ सालच्या माँट्रियलसारख्या ठिकाणी. अमेरिकेच्या इल्या मालिनिनने मुक्त सादरीकरणात सहा चौपट उड्या घेतल्या, त्यांत साडेचार फेऱ्यांची चौपट अॅक्सेलही, आणि २२७.७९ गुणांचा विक्रम केला. त्याच स्पर्धेत फ्रान्सचा अॅडम सियाओ हिम फा लघु सादरीकरणानंतर एकोणिसावा होता. मुक्त सादरीकरणात त्याने तेव्हा निषिद्ध असलेली उलटी कोलांटी घेतली, तिच्यासाठी दोन गुण गमावले, आणि तरी तो तिसरा येऊन पदकाच्या मंचावर चढला. जी गोष्ट केल्याने गुण कमीच होणार हे पक्के ठाऊक आहे ती भर स्पर्धेत करणारा खेळाडू कोणत्या रकान्यात बसवायचा? पुढच्या हंगामापासून ही कोलांटी वैध झाली. फ्रान्सच्याच सूर्या बोनालीने १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ती घेऊन एका पायावर उतरून दाखवली होती, तेव्हा तिच्या वाट्याला फक्त दंड आला होता.

आणि काही वेळा ही स्पर्धा रेघ आणि गुण या दोन्हींच्या पलीकडे जाते. १९६१ सालची स्पर्धा प्राग येथे व्हायची होती. १५ फेब्रुवारी रोजी अमेरिकेचा संघ घेऊन निघालेले सबेना कंपनीचे विमान ब्रसेल्सजवळ कोसळले. संघातले अठरा स्केटर, त्यांचे प्रशिक्षक, पदाधिकारी आणि नातलग मिळून चौतीस जण गेले. त्यांत सोळा वर्षांची लॉरेन्स ओवेन होती, तिची बहीण होती आणि दोघींची आई व प्रशिक्षक मॅरिबेल विन्सन ओवेनही. स्पर्धा रद्द झाली. दोन महायुद्धांनी ती काही वर्षे बंद पाडली होती आणि २०२० मध्ये करोनामुळे ती झाली नाही, परंतु खेळाडूच गेल्यामुळे ती न होण्याची वेळ ती एकच. १९६२ साली प्रागमध्येच ती पुन्हा भरली. तिथे आकृत्यांनंतर यजमान देशाचा कारोल दिवीन पुढे होता. कॅनडाच्या डॉनल्ड जॅक्सनने मुक्त सादरीकरणात तिहेरी लुट्झ घेतली, जी त्यापूर्वी कुणीही स्पर्धेत पूर्ण केली नव्हती, आणि सात परीक्षकांनी त्याला सहापैकी सहा गुण दिले. जोड्यांचे विजेतेपद मारिया आणि ओटो येलिनेक या बहीणभावांनी मिळवले. लहानपणी आईवडिलांबरोबर चेकोस्लोव्हाकिया सोडून गेलेली ही मुले कॅनडाच्या नावाने तिथे परतून जिंकली होती.

२०२५ च्या २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन सदुसष्ट जण गेले, त्यांतले अठ्ठावीस जण स्केटिंगच्या जगातले, पुष्कळशी मुले आणि त्यांच्यासोबत असलेले पालक. त्यांत १९९४ चे जागतिक विजेते जोडपे एव्गेनिया शिश्कोवा आणि वादिम नाउमोव्ह हेही होते. ते बॉस्टनमध्ये मुलांना शिकवत. दोन महिन्यांनी जागतिक स्पर्धा बॉस्टनमध्येच भरली आणि तिथे त्या सर्वांना श्रद्धांजली वाहिली गेली. बॉस्टनची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. मालिनिन दुसऱ्यांदा विजेता ठरला तेव्हा नागपुरात गुढीपाडव्याची सकाळ होती आणि शेजारच्या घरातून कडुनिंबाचा पाला मागायला कुणीतरी आले होते. त्याच्या आदल्या पहाटे अॅलिसा ल्यू जिंकली. सोळाव्या वर्षी खेळ सोडून दिलेली, दोन वर्षे त्यापासून दूर राहिलेली आणि मग स्वतःच्या इच्छेने परतलेली ही मुलगी. २००६ नंतर जागतिक विजेती ठरलेली पहिली अमेरिकन स्त्री. तिच्या सादरीकरणात कडा स्वच्छ होत्या, उड्या पुऱ्या होत्या, ते सगळे तक्त्यात नोंदले गेले. पण तिला पाहताना मी कड तपासणे विसरले. बर्फावर असण्याचा जो निखळ आनंद तिच्या हालचालींत होता, तो तिला परत मिळालेला आहे हे दिसत होते, आणि परीक्षकांनाही ते दिसले असावे असे मला मनापासून वाटते.

भारताचा या स्पर्धेशी संबंध बारीक आहे, पण आहे. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद अलीकडच्या वर्षांत भारतातर्फे तिच्यात उतरली आहे. तिथे पोहोचायचे तर आधी इतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक किमान तांत्रिक गुण मिळवावे लागतात. देशाचे नाव पुरत नाही. आपल्याकडे शिमल्यात जुनी, नैसर्गिकपणे गोठणारी रिंक आहे, तिथे हिवाळ्यातले मोजके आठवडेच बर्फ टिकतो. देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक २०११ साली बांधली गेली, पण ती पुढे कित्येक वर्षे बंदच राहिली. बारमाही बर्फाशिवाय चौपट उड्या दूरच राहिल्या, एक स्वच्छ बाहेरची कडही पायात मुरत नाही, आणि त्यासाठी लागणारी वीज, पैसा आणि चिकाटी आपण अजून या खेळावर खर्च केलेली नाही. ती करावी, असे माझे ठाम म्हणणे आहे. सिमेंटवरच्या रंगीत वर्तुळावरून चाके न ढळू देता जाणाऱ्या मुली नागपुरातही आहेत, अन्य शहरांतही असणार.

एकेरीत लघु सादरीकरणानंतर पहिले चोवीस जण पुढे जातात आणि बाकीच्यांची स्पर्धा तिथेच संपते. छोट्या संघांचे, रिंक नसलेल्या देशांचे खेळाडू बहुधा सुरुवातीच्या गटांत येतात. वर्षभराची तयारी, आणि बर्फावर मिळणारी वेळ जेमतेम पावणेतीन मिनिटे. वृत्तांतांत त्यांची नावे येत नाहीत, आणि बरेचसे प्रेक्षकही शेवटच्या दोन गटांच्या वेळेलाच येतात. माझ्या ओळखीच्या स्केटिंगप्रेमींना मी दरवर्षी पहिल्या गटापासून पाहायला सांगते. तिथे रेघ डळमळते, कड बदलते, उडी दुहेरीवर थांबते, आणि नऊही परीक्षक त्या मुलीला तितक्याच बारकाईने गुण देत असतात, जितक्या बारकाईने ते रात्री विजेतीला देतात.